झोप तुटते, पोट सुटते

दिवाळीच्या विजारीचे माप द्यायला मी दर वर्षी सांगलीतल्या आमच्या जुन्या शिंप्याकडे जातो. घरातली मुले तयार कपडे घेतात आणि मला हसतात. पण अंगावरून टेप फिरल्याशिवाय मला दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. हा शिंपी म्हणजे मोठा मुत्सद्दी माणूस. छातीचा आकडा तो खणखणीत आवाजात सांगतो, बाहीचा सांगतो, उंचीचा सांगतो. कमरेवर टेप आली की मात्र एकदम आवाज उतरवतो आणि वहीवर वाकलेल्या पोराच्या कानाशी कुजबुजतो. यंदा कुजबुज झाल्यावर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "डॉक्टर, आत दोन बोटे कापड जास्त दाबून ठेवू का? पुढेमागे उसवून सैल करता येईल."

आता बोला! तीस वर्षे लोकांना ‘पोट उतरवा’ म्हणून बजावणाऱ्या माणसाला शिंप्याने हे विचारावे! मी ‘ठेवा’ म्हणालो आणि घरी आलो.

वाचकहो, या सदरात मी वर्षभर खोकला, पडसे, मुलांचे दात, म्हाताऱ्यांचे गुडघे असल्या गोष्टींवर लिहितो. दिवाळी अंकात संपादक जागा जरा सढळ हाताने देतात, तेव्हा यंदा पोटाची गोष्ट सांगतो. ती माझ्या पोटाची नाही, माझ्या मेहुण्यांच्या पोटाची आहे. माझ्या पोटाकडे शेवटी येऊ, जागा उरली तर.

माझी थोरली बहीण तासगाव तालुक्यात दिलेली आहे. भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो, हा नेम आजवर फारसा चुकलेला नाही. तासगाव जवळ आले की आधी नजरेत भरते ते गणपतीच्या देवळाचे सात मजली गोपुर. परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेत मोहिमा केल्या, तिकडची गोपुरे पाहिली, आणि तसले एक आपल्या गावी उभे करायचे मनात घेतले. १७७९ साली काम सुरू झाले आणि १७९९ साली पुरे झाले. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, देवाचा रथ निघतो आणि माणसांचा समुद्र दोरखंड धरून तो ओढतो. आमचे तात्या, म्हणजे हे मेहुणे, तरुणपणी त्या दोराला हात लावल्याशिवाय राहिले नाहीत. तेव्हा त्यांचे पोट पाठीला लागलेले असे.

लंबोदराला पोट शोभते. तो भक्तांचे अपराध पोटात घालतो, तेव्हा त्याला जागा हवीच. आम्हा माणसांची गोष्ट निराळी. पण एक मौज पाहा. आपल्या भाषेने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे की माणसाची काळजी डोक्यात राहत नाही, पोटात राहते. भीती वाटली की पोटात गोळा येतो. दुसऱ्याचे चांगले झाले की पोट दुखते. लेकरू परगावी निघाले की आईच्या पोटात कालवते. गुपित असेल तर ते आपण पोटात ठेवतो. वैद्यकीची जाडजूड पुस्तके वाचून मला जे कळायला वेळ लागला ते आमच्या आजीच्या बोलण्यात रोज होते.

तर तात्यांचे पोट. तात्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. तासगाव तालुका म्हणजे द्राक्षाचा आणि बेदाण्याचा. ‘तास-ए-गणेश’ नावाची बिनबियांची जात इथल्याच मातीतली; तिच्या नावात गाव आहे आणि गावचा देवही आहे. चांगल्या वर्षी माल बाजारात जातो, आणि भाव पडला की त्याच मालाचा बेदाणा होतो. घड औषधाच्या द्रावणात बुडवून काढायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, पंधरवडाभर वाऱ्यावर सुकवायचे. चार किलो द्राक्षे घातली की किलोभर बेदाणा हाती येतो. ऐकायला सोपे वाटते. पण या बागेच्या दोन छाटण्या असतात, एप्रिलची आणि ऑक्टोबरची, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दोन महिने बागाईतदाराची परीक्षा बघतात. शहरात आपण आकाशकंदील लावत असतो तेव्हा तासगावात घड नुकतेच बाहेर पडलेले असतात, फुलोरा तोंडावर असतो, आणि आभाळ आले की माणसांची तोंडे काळवंडतात. त्या दिवसांत एक रात्र पाऊस लागला की दावण्या येतो. दावण्या म्हणजे एक बुरशी. पान खाते, घड खाते, आणि वर्षाचे उत्पन्न आठवड्यात खाऊन मोकळी होते.

काही वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर अक्का म्हणाली, "अरे, ह्यांचं पोट बघ की. हात-पाय काटक्या आणि मध्ये हे गाठोडं. तुझ्या दवाखान्यात काही औषध आहे का नाही?"

मी तात्यांकडे पाहिले. खरेच होते. दंड पूर्वीसारखेच, पिंढऱ्या सडपातळ, चेहरा ओढलेला आणि सदऱ्याची खालची दोन बटणे ताणलेली. मी पिशवीतली टेप काढली. आता हे माप घरी घ्यायचे असेल तर नीट घ्या. विजारीचा पट्टा जिथे बांधतो ती कंबर नव्हे, कारण पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि ‘माझी कंबर चौतीसच आहे’ म्हणून छातीवर हात मारतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, उभे राहायचे, श्वास सोडायचा आणि पोट आत ओढायचे नाही. आपल्याकडच्या पुरुषांत नव्वद सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांत ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ मानतात. तात्यांचे भरले एक्केचाळीस.

"भात कमी करा, गोड बंद करा, चाला," मी म्हणालो. डॉक्टराला हे तीन मंत्र झोपेतही म्हणता येतात.

"भात मी खातच न्हाई," तात्या म्हणाले. "दीड भाकरी. ईचारा तुमच्या अक्काला. आन चालायचं म्हंता, तर बागंतनं दिवसातनं धा येरझाऱ्या हुत्यात."

अक्काने मान डोलावली. माझा विश्वास बसला नाही. रुग्ण खोटे बोलतो हे आम्हा डॉक्टरांचे एक लाडके गृहीतक आहे. त्याने आमची बरीच मेहनत वाचते. पुढच्या वर्षी तेच बोलणे झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही झाले. तिसऱ्या वर्षी रक्त तपासले तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ आला. साडेसहाला मधुमेह म्हणतात. अक्काचे सासरे मधुमेहाने पाय गमावून गेले होते. ती काही बोलली नाही, पण ताटातल्या करंज्या तिने परत डब्यात घातल्या.

त्या रात्री पावसाची चिन्हे होती म्हणून मी सांगलीला परतलो नाही. सोप्यावर झोपलो. मध्यरात्र उलटून गेल्यावर कशाने तरी जाग आली. पाहतो तो अंधारात एक उजेडाचा चौकोन आणि त्याच्या मागे तात्यांचा चेहरा. मोबाईलवर ढगांचा नकाशा पाहत होते. दुसरा हात मांडीवरच्या डब्यात होता. डब्यात हात जाई, तोंडाकडे येई, पुन्हा जाई. डोळे ढगांवर. मी थोडा वेळ तसाच पडून पाहत राहिलो. मग उठून बसलो.

"तात्या, काय खाताय?"

ते दचकले. "काय न्हाई वो डाक्टर. बेदाणा हाय घरचा. झोप येत न्हाई तवा असंच."

"रोज?"

"पाऊस असंल तवा."

"आणि नसेल तेव्हा?"

"नसंल तवा येईल का म्हणून."

मूठभर बेदाणा म्हणजे चाळीसेक ग्रॅम. त्यात एकशेवीस कॅलरी असतात, आणि बेदाण्याचे सुमारे साठ टक्के वजन साखरेचे. रात्रीतून अशा चार मुठी गेल्या तर दोन-अडीच भाकऱ्यांचे काम झाले. दीड भाकरी खातो म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. ते चार घास तो खातो आहे हे त्यालाही माहीत नव्हते. खात होती ती त्याची काळजी.

आणि काळजी होती काय? अंधारात माणूस बोलतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने बाग झोडपली. २०२० च्या मार्चात माल तयार झाला आणि टाळेबंदी आली. व्यापारी येईनात, गाड्या हलेनात, सगळ्यांचाच माल बेदाण्याला गेला. तिथून जे कर्ज चढले ते फिटता फिटत नव्हते. आकडा त्यांनी मला सांगितला. तो इथे देत नाही. मग म्हणाले, "तुमच्या अक्काला म्हाईत न्हाई बरं का. निम्मंच सांगितलंय. सगळं सांगून काय करायचं? ती बी जागी ऱ्हाईल."

तीन वर्षे मी या माणसाला भात कमी करा म्हणून सांगत होतो. तुम्हाला झोप लागते का, एवढे चार शब्द मला विचारता आले नाहीत.

आता थोडे शास्त्र सांगतो. कंटाळवाणे वाटले तर पाने उलटा, पण मग शेजारच्याला सांगताना चुकू नका.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसोल नावाचा रस रक्तात येतो. तो वाईट नाही. त्याच्यावाचून माणूस जगणार नाही. पहाटे तो वाढतो आणि आपल्याला उठवतो, दिवसभर उतरत जातो आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होतो. संकट आले की मेंदूच्या हुकमाने तो एकदम सुटतो आणि यकृताला सांगतो, साखर सोड, पळायचे आहे किंवा लढायचे आहे. वाघ समोर आला तर ही सोय उत्तम. पाच मिनिटांत एक तर आपण झाडावर, नाही तर वाघाच्या पोटात; प्रश्न मिटला. पण दावण्या, हप्ता, मुलीची दहावी, साहेबाचा शेरा, सासूचे आजारपण हे वाघ पाच मिनिटांत जात नाहीत. ते अंथरुणाशेजारी बसून राहतात. सोडलेली साखर पळण्यात खर्च होत नाही. मग ती आवरायला इन्सुलिन येते, आणि कॉर्टिसोल नि इन्सुलिन हे दोघे मिळून चरबी साठवतात. कुठे साठवतात? तर आतड्यांच्या भोवती. कारण पोटाच्या आतल्या चरबीच्या पेशींवर कॉर्टिसोलला बसायला पाट जास्त मांडलेले असतात. शिवाय ही चरबी दंडाच्या किंवा मांडीच्या चरबीसारखी मुकी नाही. तिचे पाणी थेट यकृतात उतरते, आणि तिथून साखर, रक्तदाब, हृदय अशी रांग लागते.

हे एका दिवसात कळलेले नाही. अमेरिकेतले मेंदूचे मोठे शस्त्रवैद्य हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली एका रोगाचे वर्णन केले, त्यात पोट वाढते आणि हातपाय मात्र बारीक राहतात. त्याच्या मुळाशी हाच रस जास्त होणे असते. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना निरनिराळे त्रास देऊन पाहिले. त्रास कोणताही असो, शरीराचे उत्तर पुष्कळसे एकच येते, हे त्यांच्या ध्यानात आले. आज आपण ‘टेन्शन’ किंवा ‘स्ट्रेस’ म्हणतो तो शब्द वैद्यकात रुजला तो याच गृहस्थांमुळे. १९४७ साली मार्सेचे डॉक्टर झाँ वाग यांनी सांगितले की माणूस किती लठ्ठ आहे यापेक्षा कुठे लठ्ठ आहे हे बघा. पोटाचा लठ्ठपणा रोग आणतो, मांड्यांचा तितका नाही. आणि २००० साली येल विद्यापीठात एलिसा एपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना मुद्दाम तणावाच्या कामांना बसवले. ज्यांची चरबी पोटावर होती त्यांच्यात कॉर्टिसोल जास्त सुटले. त्यांत सडपातळ बायकाही होत्या, हे विशेष.

सडपातळांचा विषय निघाला म्हणून आपल्या पुण्याची गोष्ट सांगतो. ती मला फार आवडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, म्हणजे बीएमआय २२.३. शेजारी उभे केले तर दोघेही सडसडीत गृहस्थ. यंत्रात घालून चरबी मोजली तर युडकिन साहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो या आकड्यांसकट छापून आला. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आईच्या पोटातल्या बाळापासून हे पाहिले आहे की आपली मुले जन्मतः वजनाने कमी असतात, पण तेवढ्यातही चरबी राखून असतात. तेव्हा ‘माझे वजन ठीक आहे’ म्हणून निर्धास्त बसण्याची चैन मराठी माणसाला परवडत नाही. वजनकाटा गप्प बसतो, टेप बोलते.

झोपेचे तर विचारूच नका. १९९९ साली शिकागोत अकरा तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. धडधाकट पोरे, पण त्यांची साखर आवरण्याची ताकद घसरली आणि संध्याकाळी जे कॉर्टिसोल उतरायला हवे ते चढे राहिले. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकने २०२२ साली असाच प्रयोग छापला. लठ्ठ नसलेली बारा माणसे, दोन आठवडे चार तास झोप. ती रोज तीनशेवर कॅलरी जास्त खाऊ लागली. वजन जेमतेम वाढले, पण आतड्यांभोवतीची चरबी अकरा टक्क्यांनी वाढली. मी हे वाचले तेव्हा मला तात्यांचा तो डबाच दिसला.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. कॉर्टिसोलचे नाव झाल्यापासून ते ‘उतरवणाऱ्या’ गोळ्या, चूर्णे आणि चहा बाजारात आले आहेत. पैसे घरी ठेवा. पोटाला बांधायचे घाम काढणारे पट्टे घेऊ नका; त्यांनी पाणी जाते, चरबी जात नाही. नुसते पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी वितळते हीही एक भाबडी समजूत आहे. आणि उलट बाजूनेही सांगतो: ध्यानाला बसले की घेर हमखास उतरतो असे सिद्ध झालेले नाही. मन शांत झाले की माणूस नीट झोपतो, नीट खातो, व्यायाम टिकवतो. पोट उतरते ते मुख्यतः त्या वाटेने. मात्र पोट झपाट्याने वाढले, चेहरा गोल झाला, पोटावर जांभळट रेघा उठल्या, जरा लागले की काळेनिळे पडू लागले, तर डॉक्टरांकडे जा. सांधेदुखीवर कोणाच्या सांगण्याने महिनोन्‌महिने गोळ्या घेत असाल तर त्या गोळ्याही दाखवा. त्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणे माझ्या दवाखान्यात कमी नाहीत. आणि निघाले तर मनाने एकदम बंद करू नका. तेही घातक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना बागेत गाठले. आता भाताचे नाव काढायचे नाही, असे ठरवूनच गेलो होतो.

"तात्या, रात्री दोन वाजता ढग बघून तुम्ही काय करता?"

"काय करनार? बगतो."

"फवारणी किती वाजता करता?"

"चार-पाचला. अंधारात ब्लोअर कुठं घालायचा?"

"मग दोनला बघून काय मिळतं?"

ते हसले. मग आम्ही तिथेच बांधावर बसून एक व्यवस्था ठरवली. रात्री नऊ वाजता हवामान एकदा बघायचे. उद्या फवारायचे की नाही, कुठले औषध, किती वाजता, हे वहीत लिहायचे. वही मिटली की मोबाईल देवघराच्या कोनाड्यात ठेवायचा आणि गजर साधा, चावीचा. जेवण आठाच्या आत. बेदाण्याचा डबा अक्काच्या कुलपात. दिवसाचे दहा चहा होते त्यांचे चार करायचे, आणि दुपारी तीननंतर एकही नाही. बागेतल्या येरझाऱ्या चालूच राहतील, पण त्या काळजी करत घातलेल्या येरझाऱ्या. त्याखेरीज सकाळी अर्धा तास रस्त्याने झपझप चालायचे आणि बारा सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कार काही परके नाहीत. शेजारच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते शाळांशाळांतून रुजवले आणि पुढे विलायतेपर्यंत पोचवले. अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटे सावकाश श्वास: घेताना चार अंक, सोडताना सहा.

"आणि आणखी एक," मी म्हणालो. "अक्काला आकडा सांगा."

तात्यांचा चेहरा बंद झाला. "ते तेवढं ऱ्हाऊ द्या डाक्टर."

मी जास्त बोललो नाही. मेहुण्यांच्या घरातल्या पैशाच्या गोष्टीत बायकोच्या भावाने किती बोलावे याला मर्यादा आहे.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी रात्री अक्काचा फोन आला. मंगलाष्टके झाली, पोरे फटाक्यांकडे पळाली आणि तात्यांनी वृंदावनापाशीच तिला सगळे सांगितले. ती गप्प ऐकत राहिली. मग घरात गेली आणि भाजीच्या हिशोबाची वही घेऊन आली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने तिने स्वतःच सगळ्या कर्जाची बेरीज मांडून ठेवली होती. बँकेची पत्रे, दुकानदाराच्या औषधांच्या पावत्या, सगळे बघून.

"माझा आकडा त्यांच्यापेक्षा चाळीस हजारांनी कमी निघाला, एवढंच," ती म्हणाली. "दोन वर्षं मी पण जागीच होते रे. ते उठले की डोळे मिटून पडायची. म्हटलं, मी जागी आहे कळलं तर त्यांना जास्त लागेल."

एका खोलीत दोन माणसे दोन वर्षे एकमेकांना झोपलेली समजत होती. मी फोन ठेवला तेव्हा माझ्याच्याने लगेच काही बोलवेना.

पुढचे थोडक्यात सांगतो. दोघे मिळून बँकेत गेली, हप्ते लांबवून घेतले. औषधांची उधारी अक्काने आपल्या हाती घेतली. तीन एकरांपैकी एक एकराचा माल भावाची वाट न बघता सरळ बेदाण्याला घालायचा, असे ठरले. पावसाने मात्र कोणाचे ऐकले नाही. त्याच नोव्हेंबरात तो आला आणि तिसरा हिस्सा बाग घेऊन गेला. त्या रात्रीबद्दल तात्यांनी मला सांगितले ते असे: "नऊला बगितलं, लिव्हलं, झोपलो. चारला उठून फवारलं. सहाला येऊन परत झोपलो." हे सांगताना त्यांना जरा अपराधी वाटत होते. बाग संकटात असताना झोप लागावी म्हणजे काय, असे.

पुढच्या भाऊबीजेला टेप लावली. साडेअडतीस. वजन तीनच किलोंनी उतरले होते, पण साखर ६.३ वरून ५.८ वर आली होती. साडेअडतीस म्हणजे अजून रेघेच्या तीन इंच वरच. मोठा विजय नव्हे. यात झोपेचा वाटा किती, बंद झालेल्या डब्याचा किती, चालण्याचा किती आणि वृंदावनापाशी हलक्या झालेल्या पोटाचा किती, असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. एका मेहुण्यावर केलेल्या प्रयोगाला शास्त्र म्हणत नाहीत. अक्काचे माप मात्र मी त्या वर्षी प्रथमच घेतले. पाळी गेल्यानंतर बायकांची चरबीही मांड्या सोडून पोटाकडे सरकते, आणि घरातल्या पुरुषाच्या काळजीत बाईची टेप कोणी काढतच नाही. तिचे चौतीस निघाले. आता सकाळी रस्त्याने दोघे चालतात. गावात आधी लोक बघत. आता चार जोडपी आणखी निघतात.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे कुठे बाग आहे? पण माझ्या दवाखान्यात मार्च महिन्यात बँकेतली माणसे येतात, फेब्रुवारीत दहावीच्या पोरांच्या आया येतात, आणि सगळ्यांच्या उशाशी तो उजेडाचा चौकोन असतो. डब्यात बेदाण्याऐवजी फरसाण असते, एवढाच फरक.

राहिले माझे पोट. गेले वर्षभर मुलाच्या घराच्या कर्जाला मी जामीन राहिलो आहे, आणि ते घर बांधणाऱ्याचे काम अर्ध्यावर थांबले आहे. हे मी अजून घरी नीटसे सांगितलेले नाही. रात्री दीडच्या सुमारास मला जाग येते. फ्रिज उघडतो तेव्हा आतला दिवा लागतो, आणि त्या उजेडात काल माझ्या हातात शंकरपाळ्यांचा डबा होता.

तात्यांना हे कसे कळले कोण जाणे; बहुधा अक्काने हेरले असावे. परवा रात्री बरोबर नऊ वाजता त्यांचा निरोप आला: "ढग हाईत. उद्या पाचला फवारनी. वही मिटली. तुमी वैनींस्नी सांगितलं का?"